चिलरला सिम लावलं, पण पैसे कुठून येणार?

पत्र थोडं कापून देतेय, मुद्दा तोच ठेवलाय:

"ताई, आमचा इंडस्ट्रियल चिलर, म्हणजे कारखान्यांना थंड पाणी पुरवणारी मशीन, बनवायचा कारखाना आहे, वडिलांनी उभा केलेला. मी तीन वर्षं झाली त्यांच्यासोबत बघतोय. वर्षाला साधारण 200 मशीन जातात, त्यातली थोडी युरोपात. गेल्या वर्षी एका सॉफ्टवेअर कंपनीला धरून 40 मशीनवर सेन्सर आणि सिम लावून बघितलं. डॅशबोर्ड झकास झालाय, डेमोला सगळे खूश होतात, पण वर्षभर फुकट दिल्यावर आता महिन्याचं सबस्क्रिप्शन म्हटलं तर 40 पैकी 3 कस्टमर तयार झाले. डीलर वेगळेच चिडलेत, त्यांना वाटतंय आम्ही त्यांना बाजूला सारून डायरेक्ट कस्टमर गाठणार. वडील म्हणतात आपण मशीन विकणारी माणसं, डेटा विकणं आपला धंदा नाही, बंद कर. सॉफ्टवेअर कंपनी म्हणतेय महिनाअखेरपर्यंत पाच वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट केलंत तर स्वस्तात देतो, सगळ्याच मशीनवर लावा, डेटा जमला की बिझनेस मॉडेल आपोआप सापडतं. सही करू की बंद करू? आणि मला अरे-तुरेच करा."

बरं, अरे-तुरेच करते.

सही करू नकोस. बंदही करू नकोस. महिनाअखेरची तारीख त्या कंपनीच्या सेल्सवाल्याची आहे, तुझी नाही, तुझे चिलर पुढच्या महिन्यातही तेवढेच गरम-थंड होणार आहेत.

मी बरीच वर्षं सर्व्हिसमध्ये काढली, आधी पाना-गेज घेऊन आणि नंतर लॅपटॉप घेऊन, त्यामुळे "डेटा जमला की बिझनेस मॉडेल आपोआप सापडतं" हे वाक्य वाचलं की मला खरंच राग येतो, कारण या एका वाक्यावर चांगल्या चांगल्या कंपन्यांनी पैसे घालवलेत. 2010 मध्ये एरिक्सनच्या प्रमुखांनी सांगितलं होतं की 2020 पर्यंत 50 अब्ज उपकरणं नेटला जोडलेली असतील, सिस्कोनेही पुढच्या वर्षी तोच आकडा दिला, आणि 2020 आलं तेव्हा जग त्या आकड्याच्या आसपासही नव्हतं. बरं, त्याच सिस्कोने 2017 मध्ये कंपन्यांना विचारून बघितलं तर उपकरणं नेटला जोडायचे 60 टक्के प्रोजेक्ट पायलटच्या, म्हणजे छोट्या चाचणीच्या, टप्प्यावरच अडकलेले निघाले आणि आमचा प्रोजेक्ट पूर्ण यशस्वी झाला असं म्हणणारे फक्त 26 टक्के. म्हणजे तू जिथे उभा आहेस तिथे जगातल्या निम्म्याहून जास्त कंपन्या उभ्या होत्या, त्यामुळे आपलंच काहीतरी चुकलं असं वाटून घेऊ नकोस. चूक सगळ्यांची साधारण एकच असते, आधी मशीन जोडायचं आणि मग विचार करायचा की याचं करायचं काय.

आता तू लिहिलेल्या आकड्यांकडे येते. 40 पैकी 3. तू ते 37 मोजत बसलायस आणि मला ते 3 महत्त्वाचे वाटतात. हे तिघं कोण आहेत? त्यांना फोन करू नकोस, प्रत्यक्ष जा, अर्धा दिवस बस, त्यांच्या मेंटेनन्सच्या माणसाशी बोल, आणि मशीन बंद पडलं की त्यांचं नेमकं काय होतं ते विचार. माझा अंदाज सांगते, त्यांच्याकडे एक तर रात्रपाळीला चिलर समजणारा माणूस नसेल, नाहीतर एकाच माणसाकडे चार ठिकाणची मशीन असतील, नाहीतर मशीन दोन तास थांबलं तर आतला सगळा माल फेकावा लागत असेल. यातलं एकही कारण "डॅशबोर्ड छान आहे" असं नाही, हे तुला तिथे बसल्यावर लगेच कळेल.

बाकीचे 37 नाही का म्हणाले, तेही अगदी सरळ आहे रे. प्लांटमधल्या मेंटेनन्सवाल्याच्या जागी स्वतःला ठेवून बघ. त्याच्याकडे आधीच बॉयलरची स्क्रीन, कॉम्प्रेसरची स्क्रीन, पाण्याची, विजेची, आणि आता तू त्याला अजून एक देतोयस आणि वर म्हणतोयस की ही बघण्याचे दर महिन्याला पैसे दे. पाणी 7.2 डिग्रीला निघतंय हे त्याला बघायचं नाहीये, त्याला ते बघावंच लागू नये असं हवंय. डॅशबोर्ड म्हणजे त्याच्यासाठी वाढलेलं काम आहे, त्यामुळे त्याचं काम वाढवून वर त्याच्याकडे पैसे मागितले तर तो नाहीच म्हणणार.

मग पैसे कुठे आहेत? माझ्या मते ते तुझ्याच ऑफिसमधल्या कपाटात आहेत, सर्व्हिस कॉलच्या शीटमध्ये. हे मी मनापासून सांगतेय, एक रुपया खर्च करायच्या आधी गेल्या दोन वर्षांच्या सगळ्या शीट काढ, तुझ्या सगळ्यात जुन्या सर्व्हिस इंजिनियरला सोबत घे, आठवडाभर एका टेबलवर बसा आणि प्रत्येक शीटवर एक खूण करा. कुठल्या फेरीत माणूस गेला आणि करण्यासारखं काहीच नव्हतं, नुसतं सेटिंग हललेलं होतं नाहीतर कस्टमरच्याच बाजूचा पंप बंद होता. कुठल्या फेरीत माणूस गेला पण पार्ट चुकीचा नेला म्हणून परत जावं लागलं. आणि कुठल्या फेरीत मशीन पूर्ण बसलं होतं पण ते बसण्याआधी कित्येक दिवस सांगत होतं, ऐकायलाच कोणी नव्हतं.

हा तिसरा प्रकार जरा नीट बघ, कारण चिलरच्या बाबतीत तो भरपूर असतो. वॉटर-कूल्ड कंडेन्सरच्या, म्हणजे मशीनमधली उष्णता पाण्यात सोडणाऱ्या भागाच्या, ट्यूबमध्ये क्षार बसायला लागले की डिस्चार्ज प्रेशर, म्हणजे कॉम्प्रेसरमधून बाहेर पडणाऱ्या गॅसचा दाब, हळूहळू चढतं, कॉम्प्रेसर तेवढ्याच थंडाव्यासाठी जास्त अँपिअर ओढायला लागतो, हे आठवडे-आठवडे चालू असतं, कस्टमरला काहीच जाणवत नाही फक्त वीजबिल वाढतं, आणि मग सगळ्यात कडक उन्हाच्या दिवशी मशीन हाय प्रेशरवर ट्रिप होतं, म्हणजे स्वतःच बंद पडतं, आणि नेमकं त्याच दिवशी सगळ्यांचेच फोन येत असतात. गॅस बारीक लीक असेल तर सक्शन प्रेशर, म्हणजे कॉम्प्रेसरमध्ये शिरणाऱ्या गॅसचा दाब, उतरतं, त्या गॅसचा सुपरहीट, म्हणजे उकळबिंदूच्या वरचं तापमान, वाढतो, तेही एका रात्रीत होत नाही. कॉम्प्रेसर दर दोन मिनिटांनी चालू-बंद होत असेल तर तो लवकर जाणार हे तुझ्या इंजिनियरला माहितीये, पण तो तिथे नसतो. म्हणजे तुला पन्नास सेन्सर नकोतच, दोन प्रेशर, तीन-चार टेंपरेचर, करंट आणि चालू-बंदचा हिशोब एवढ्यावर तुझ्या बहुतेक मोठ्या ब्रेकडाउनची चाहूल लागते, आणि यातलं बरंचसं कंट्रोलरमध्ये आधीच मोजलेलं असतं.

आता प्रत्येक शीटसमोर एक वाक्य लिहायचा प्रयत्न कर: हे आधी कळलं असतं तर कोणी, कधी, काय केलं असतं, आणि कोणाचे पैसे वाचले असते? ज्या शीटसमोर हे वाक्य पूर्ण होतं तेवढाच तुझा धंदा. ज्याच्यासमोर होत नाही त्या डेटासाठी सिमचे पैसेसुद्धा भरू नकोस. आणि वाक्य लिहिताना अडलास तर समज की अलर्ट जाईल, मोबाईल वाजेल आणि काहीच होणार नाही. असे अलर्ट दिवसाला दहा गेले की आठवडाभरात माणूस ते म्यूट करतो, आणि मग त्यातला जो एक खरा असतो तोही जातो. मी हे माझ्या डोळ्यांनी बघितलंय, कॉम्प्रेसर जळाला आणि अलर्ट नऊ दिवस आधीपासून येत होता, ज्याच्याकडे येत होता त्याने तो ग्रुपच बंद करून ठेवलेला. त्याची चूक नव्हती, आम्ही त्याला सहाशे मेसेज पाठवले होते.

हिशोब झाला की तुला दिसेल की वाचणाऱ्या पैशातला मोठा भाग कस्टमरचा नाही, तुझाच आहे. वॉरंटीतल्या फुकटच्या फेऱ्या, दुसऱ्यांदा जाणं, वॉरंटीत बदलून दिलेले कॉम्प्रेसर, जे खरं तर कस्टमरने घाण पाणी वापरल्यामुळे गेले होते पण तुझ्याकडे पुरावा नव्हता. म्हणजे या 200 मशीनवरच्या सिमचे पैसे भरायला पहिला कस्टमर तूच आहेस, तेही डेटा कुठेही न विकता. कोमात्सूचं उदाहरण मला यासाठी फार आवडतं. त्यांनी 2001 पासून जपानात आपल्या यंत्रांवर कोमट्रॅक्स ही सिस्टिम स्टँडर्ड म्हणून लावायला सुरुवात केली, म्हणजे वेगळे पैसे देऊन घ्यायचा ऑप्शन म्हणून नाही, मशीनसोबतच. यंत्र कुठे आहे, किती तास चाललं, इंधन किती खाल्लं हे कंपनीला दिसायला लागलं, त्यावरून कुठल्या यंत्राला पार्ट लागायची वेळ आली हे आधी कळायला लागलं, आणि ग्राहकाला यंत्र चोरीला गेलं तर सापडण्याची सोय मिळाली. सबस्क्रिप्शनच्या मागे लागले असते तर शंभरातल्या थोड्याच यंत्रांवर ते बसलं असतं आणि कंपनीला पूर्ण चित्र कधीच दिसलं नसतं.

कस्टमरकडून घ्यायचे पैसे एएमसीतून, म्हणजे वर्षाच्या देखभालीच्या करारातून, घे. साधा एएमसी आहे तसा ठेव, आणि दुसरा असा काढ ज्यात तू काहीतरी ठोस कबूल करतोस, म्हणजे ट्रिप व्हायच्या आधी आम्ही कळवू, माणूस पहिल्याच फेरीत योग्य पार्ट घेऊन येईल, आणि कंडेन्सरची सफाई तारखेप्रमाणे नाही तर गरज दिसली की होईल. या दुसऱ्या एएमसीचा भाव जास्त, आणि त्यात डॅशबोर्डचा उल्लेख चौथ्या ओळीत आला तरी चालेल. त्या 3 कस्टमरना हाच आधी दाखव. आणि कबूल केलेलं चुकलं तर पैसे परत असं लिहायची हिंमत असेल तेवढंच कबूल कर.

तुझ्या सॉफ्टवेअरवाल्याने तुला "कूलिंग अॅज अ सर्व्हिस" पण ऐकवलं असणार, म्हणजे मशीन विकायचंच नाही, थंडावा विकायचा. कल्पना चांगली आहे, खोटी नाही. काएझर नावाची जर्मन कंपनी कॉम्प्रेसर न विकता दाबाची हवा घनमीटरवर विकते. विमानाच्या इंजिनात तर हे 1962 सालापासून आहे, ब्रिस्टल सिडली कंपनीने व्हायपर नावाच्या जेट इंजिनासाठी उड्डाणाच्या तासावर ठरलेले पैसे घ्यायला सुरुवात केली, दुरुस्ती-पार्ट सगळं त्यात, पुढे ती कंपनी रोल्स-रॉइसने घेतली आणि "पॉवर बाय द अवर" हे नाव सगळीकडे झालं. पण साल बघ ना, 1962. सिम नव्हतं, क्लाउड नव्हता. कबुली आधी दिली गेली, कारण इंजिन किती तासांनी काय मागतं हे त्यांना पक्कं माहिती होतं, आणि आजचे सेन्सर त्या कबुलीचा खर्च कमी करायला नंतर आले. तुझ्याकडे अजून ती माहिती नाही. शिवाय थंडावा विकायचा म्हणजे मशीन तुझ्या नावावर राहणार, पैसे दहा वर्षांत थोडे थोडे येणार आणि मशीन बनवायचा खर्च आजच होणार, तेवढं भांडवल वडिलांना विचारल्याशिवाय तुला कुठून मिळणार आहे? चार-पाच वर्षं आधी दुसरा एएमसी चालव, कुठलं मशीन किती वेळा बसतं याचा स्वतःचा अनुभव जमव, मग एखाद्या कस्टमरसोबत एका मशीनवर करून बघ.

डीलरबद्दल. त्यांची भीती खरी आहे आणि ती बोलून जाणार नाही. तू कितीही सांगितलंस की आम्ही तुमच्या कस्टमरकडे जाणार नाही, तरी त्यांना दिसतंय की उद्या मशीन बिघडलं की पहिला मेसेज तुझ्या ऑफिसला जाणार. मग तो मेसेज त्यांच्याकडे पहिला जाऊ दे. खरंच, सिस्टिममध्येच तसं कर, अलर्ट आला की पहिले चार तास तो फक्त डीलरला दिसेल, त्याने उचलला तर काम त्याचं, पार्ट त्याच्याकडून, आणि त्याने नाही उचलला तरच तुमच्याकडे. डीलरला आजपर्यंत कस्टमरने रागावून फोन केल्यावर धंदा मिळायचा, आता कस्टमरला कळायच्या आधी तो दारात उभा राहील, याच्यासारखं चांगलं त्याच्यासाठी काय आहे? एक डीलर निवड, जो सगळ्यात जास्त बोलतो तो नाही, ज्याची सर्व्हिस सगळ्यात चांगली आहे तो, त्याच्यासोबत सहा महिने चालव, बाकीचे तुझ्यापेक्षा त्याचं ऐकतील.

आता ती गोष्ट सांगते जी तुला कुठलाच सॉफ्टवेअरवाला सांगणार नाही. आजपर्यंत मशीन विकलं, वॉरंटी संपली, तुझा खर्च संपला. मशीन जोडलं की तुझा खर्च मशीन मरेपर्यंत संपत नाही. चिलर 15-20 वर्षं चालतो. समज एका मशीनचं सिम, क्लाउड आणि ते बघणाऱ्या माणसाचा पगार मिळून महिन्याला 1 एकक खर्च येतो, तर वर्षाला 12, दहा वर्षांत 120. तू वर्षाला 200 मशीन विकतोस, म्हणजे पाचव्या वर्षी तुझ्या गळ्यात 1000 मशीनचा महिन्याचा खर्च आहे, दहाव्या वर्षी 2000 चा, आणि विक्री मात्र दर वर्षी 200 चीच आहे. पहिल्या वर्षी हे सगळं अगदी स्वस्त वाटतं, म्हणूनच माणसं फसतात. त्यामुळे मशीनच्या किमतीत निदान दहा वर्षांचा जोडणीचा खर्च धर, आणि तो पैसा आला की बाजूला ठेव, त्या वर्षीच्या नफ्यात दाखवू नकोस. वडिलांना हा कागद दाखव, त्यांना तो सॉफ्टवेअरवाल्यापेक्षा जास्त पटेल.

जे हे करत नाहीत त्यांचं काय होतं ते बघितलंय आपण. रिव्हॉल्व नावाचा घरातली उपकरणं जोडणारा हब होता, 300 डॉलरचा, आयुष्यभर सेवा मिळेल असं सांगून विकलेला. 2014 मध्ये गुगलच्या नेस्ट कंपनीने ती घेतली आणि 15 मे 2016 ला सर्व्हर बंद केला, लोकांच्या घरातला चांगला चालणारा डबा त्या दिवशी निरुपयोगी झाला. एप्रिल 2022 मध्ये इन्स्टिऑन या तशाच कंपनीचे सर्व्हर तर काही न सांगता एके दिवशी बंद झाले. हे घरातले दिवे होते, तुझ्या मशीनमागे कोणाचं तरी प्रॉडक्शन आहे. म्हणून पहिला नियम, नेट गेलं, क्लाउड गेला, तुझी कंपनी गेली तरी चिलरने थंड करत राहिलंच पाहिजे, सगळा कंट्रोल मशीनच्या आतच. पहिली दोन-तीन वर्षं मशीनकडून माहिती फक्त बाहेर येऊ दे, बाहेरून सेटपॉइंट, म्हणजे ठरवलेलं तापमान, बदलायची सोय देऊच नकोस, कितीही मागितली तरी.

दुसरं, मोडेम, म्हणजे सिम बसतं तो नेटला जोडणारा भाग, कधीही मेन बोर्डवर बसवू नकोस. मी एके ठिकाणी काम करत होते तिथे आम्ही खर्च वाचवायला मोडेम बोर्डवरच सोल्डर केला होता. नेटवर्क कंपनीने ती जुनी सेवा बंद केली आणि आम्हाला अख्खे बोर्ड बदलत साइट-साइट फिरावं लागलं, त्या एका निर्णयाने आधीच्या सगळ्या वर्षांची बचत खाल्ली. आणि हे काही जगावेगळं नाही, अमेरिकेत एटी अँड टीने फेब्रुवारी 2022 मध्ये 3जी बंद केलं तेव्हा कितीतरी अलार्म सिस्टिम आणि गाड्यांमधली जोडणी अशीच अडकली. मशीन 15 वर्षांचं आणि मोडेम 7-8 वर्षांचा हे धरूनच डिझाइन कर, वेगळा छोटा डबा, दोन स्क्रू आणि एक केबल, डीलरचा पोरगा दहा मिनिटांत बदलेल असा. सिमही असं घे ज्यात नेटवर्क कंपनी लांबूनच बदलता येते.

क्लाउडचंही तेच आहे. गुगलने त्यांची आयओटी कोअर ही उपकरणं क्लाउडला जोडायची सेवा 16 ऑगस्ट 2023 ला बंद केली, वर्षभर आधी सांगून, पण वर्षभरात शेतात-कारखान्यात बसलेल्या उपकरणांना नवा पत्ता देणं सोपं नसतं. मोठं नाव आहे म्हणून राहीलच असं नाही. तर तुझं मशीन ज्या पत्त्यावर बोलतं ते डोमेन तुझ्या कंपनीच्या नावावर पाहिजे, सॉफ्टवेअरवाल्याच्या नाही. मशीनच्या ओळखीच्या चाव्या म्हणजे सर्टिफिकेट तुझ्या ताब्यात पाहिजेत, बोलायची भाषा एमक्यूटीटीसारखी, म्हणजे उपकरणांनी मेसेज पाठवायची खुली पद्धत, सगळ्यांना येणारी पाहिजे, आणि फर्मवेअर म्हणजे त्या डब्याच्या आतलं सॉफ्टवेअर लांबून अपडेट करता आलंच पाहिजे, 'माहिती फक्त बाहेर' या नियमाला तेवढाच अपवाद. प्लॅटफॉर्म स्वतः बनवायला मात्र जाऊ नकोस, तुझ्याएवढ्या कंपनीने ते करू नये, भाड्याने घे, पण दार बदलता येईल असं घे. तुझ्याकडे आता जे कॉन्ट्रॅक्ट आलंय त्यात बघ, हे चारही त्यांच्याकडे असणार, म्हणूनच ते पाच वर्षं मागतायत.

सिक्युरिटीला थोडक्यात आटपत नाही, कारण तू चिलरच्या धंद्यात आहेस आणि या विषयातली सगळ्यात गाजलेली घटना तुझ्याच धंद्याला लागून आहे. 2013 मध्ये अमेरिकेत टार्गेट या दुकानांच्या साखळीतून सुमारे 4 कोटी कार्डांची माहिती चोरीला गेली, आणि चोर आत शिरले ते त्यांच्या रेफ्रिजरेशनच्या कंत्राटदाराच्या लॉगिनवरून. तेव्हापासून मोठ्या कस्टमरचा आयटीवाला कूलिंगवाल्याचं नाव ऐकलं तरी सावध होतो, आणि बरोबरच आहे त्याचं. म्हणून कस्टमरच्या नेटवर्कला हातच लावू नकोस, तुझं सिम तुझं नेटवर्क, हे तू पायलटमध्ये आधीच केलंयस ते छान केलंयस. 2016 मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने लाखो कॅमेरे आणि रेकॉर्डर ताब्यात घेतले ते फॅक्टरीतून येतानाचे पासवर्ड कोणी बदलले नव्हते म्हणून, त्यामुळे प्रत्येक मशीनची चावी वेगळी, एक चावी फुटली तर एकच मशीन जाईल, 2000 नाही.

युरोपात मशीन जातात म्हणालास, तर तिथे आता हा चॉइस राहिलेला नाही. सायबर रेझिलियन्स अॅक्ट, म्हणजे नेटला जोडलेल्या वस्तूंच्या सिक्युरिटीचा युरोपियन युनियनचा कायदा, डिसेंबर 2024 पासून लागू आहे, त्यातलं मुख्य बंधन 11 डिसेंबर 2027 पासून, पण हल्लेखोर वापरत असलेली त्रुटी कळली की 24 तासांत कळवायचं बंधन 11 सप्टेंबर 2026 पासूनच आहे. साधारण निदान पाच वर्षं सिक्युरिटी अपडेट द्यावे लागतात आणि चिलरसारखी जास्त टिकणारी वस्तू असेल तर त्याहून जास्तच धरून चाल. दुसरा कायदा म्हणजे डेटा अॅक्ट, 12 सप्टेंबर 2025 पासून, मशीन वापरणाऱ्याला त्याच्या मशीनचा डेटा मागता येतो आणि तो दुसऱ्या कोणाला, अगदी तुझ्या स्पर्धक सर्व्हिसवाल्यालाही, द्यायला सांगता येतो. म्हणजे डेटा कुलपात ठेवून कस्टमर बांधून ठेवायचा विचार कोणी तुझ्या डोक्यात घातला असेल तर तो काढून टाक. मला हा कायदा आवडतो, खरं सांगते. मशीन कस्टमरने विकत घेतलंय. तो तुझ्याकडे राहावा तुझा माणूस वेळेवर पोचतो म्हणून.

वडिलांचं म्हणणं. अर्धं तर बरोबरच आहे त्यांचं, डेटा विकणं हा तुमचा धंदा नाहीच. पण ते मशीन तरी कुठे नुसतं विकतात? कस्टमर तुमच्याकडे परत येतो ते रात्री फोन उचलला जातो म्हणून, आणि ते उचलणारे इतकी वर्षं बहुतेक तेच असणार. त्यांना डॅशबोर्ड दाखवू नकोस. शीट घेऊन टेबलवर बसशील ना, तेव्हा त्यांनाही बोलव. कुठल्या कस्टमरचं पाणी खराब आहे, कुठलं मॉडेल कुठे बसतं हे त्यांना तोंडपाठ असेल, आणि कुठला अलर्ट पाठवायचा आणि कुठला नाही हे ठरवायला त्या सॉफ्टवेअर कंपनीत एकही माणूस त्यांच्याइतका लायक नाही.

सॉफ्टवेअर कंपनीला आज एवढंच कळव: पाच नाही, एक वर्ष. सगळी मशीन नाही, तीच 40, आणि त्यातल्या 10 वर फक्त तीन अलर्ट, कंडेन्सर, गॅस आणि वारंवार चालू-बंद. डोमेन आणि सर्टिफिकेट आमच्या नावावर, सोडून जायचं ठरलं तर सगळा जुना डेटा उघड्या फॉरमॅटमध्ये. नाही म्हणाले तर दुसरे मिळतील, हे काम करणारे आता बरेच आहेत.

आणि शीटवर खुणा करून झाल्या की मला लिही, दोन वर्षांतल्या किती फेऱ्या टळल्या असत्या तो आकडा मला हवाय. शंभरात पाच निघाला तर मी तुला वडिलांचं ऐक म्हणून सांगेन, बंद कर. वीसच्या वर निघाला तर आपण दुसऱ्या एएमसीचा कागद सोबत लिहू.